टोपलीतले फोन

ज्या दिवशी मासळी खपायची नाही, त्या दिवशी आमच्या घरी चांगलं जेवण व्हायचं. खपली, की चहा आणि पाव. त्यामुळे पापलेट हे वाईट दिवसांचं खाणं आहे अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती.

आम्ही अर्नाळ्याचे कोळी. आमचीही बोट होती, पण ती एकदा दुरुस्तीला काढली आणि दुरुस्तीतच राहिली. मग बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागले. पुढं त्यांचा गुडघा गेला आणि ते ओट्यावर बसून लोकांची जाळी शिवू लागले. घर आईच्या टोपलीवर चालायचं. ती विरारला जाऊन मासळी विकायची, पावसाळ्यात सुके बोंबील. आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. एक काका चढला होता, पण तो प्राचार्यांना कोळंबी पोचवायला.

मी बी.ए. झाले तेव्हा आईनं आळीत पेढे वाटले. पुढं विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. विषय नवमाध्यमं आणि पत्रकारिता. आईनं विचारलं, "त्यात शिकवतात काय?"

"लोक मोबाइलवर काय बोलतात, कसं बोलतात, ते."

"आनि त्याची फी घेतात?"

हे मी पुढं कधीतरी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "प्रश्न योग्य आहे. विभागाच्या बैठकीत मांडतो." आणि त्यांनी तो मांडला. इतिवृत्तात नोंद आहे.

सर निर्मळचे. ख्रिस्ती, वाडीवाले. घराभोवती केळी, सोनचाफा, मागं विहीर. विद्यापीठात नवमाध्यमांचे प्राध्यापक होते, पण बघणाऱ्याला ते सोसायटीचं पाणी सोडणारे वाटत. सायकलच्या चेनीत अडकू नये म्हणून उजव्या पायाची पँट ते घोट्यापाशी रबरानं बांधत, आणि सायकलवरून उतरल्यावर रबर काढायचं असतं हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. त्याच पायानं ते तास घेत, परिसंवादांना जात. एकदा कुलगुरूंच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला, त्या फोटोतही रबर आहे.

पहिल्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसले होते. पिशवीत सुके बोंबील होते. आईनं ते एका गिऱ्हाइकाकडं पोचवायला दिले होते. मी ते एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले होते, पण बोंबलाला पिशव्यांचं काही वाटत नाही. सर वर्गात आले, टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "कुणाकडं तरी बोंबील आहेत."

वर्ग हसला. मला वाटलं, झालं, आता परत अर्नाळ्याला. सर चालत माझ्या बाकापर्यंत आले.

"बांबूवर वाळवलेले की खाली वाळूत?"

"बांबूवर, सर."

"विकायचे आहेत?"

"दुसऱ्याचे आहेत."

"मग पुढच्या वेळी माझे आणा," म्हणाले, आणि फळ्याकडं जाऊन नवमाध्यमांची व्याख्या लिहू लागले. त्यानंतर मी बोंबील एकाच पिशवीतून आणले.

सरांची हजेरी हा विभागातला कायमचा तंटा होता. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही. आज काय ऐकलं आणि ते कुणी सांगितलं, एवढं म्हणायचं. सांगणाऱ्याचं नाव आलं तर हजर. 'असं म्हणतात', 'ग्रुपवर आलं होतं', 'सगळीकडं चाललंय' यातलं काही तोंडातून निघालं की गैरहजर.

"सर, मी तुमच्यासमोर उभा आहे," असं एकदा एका मुलानं सांगून पाहिलं.

"ते मला दिसतंय. पण तुम्ही जे सांगितलंत त्यात कुणीच हजर नाही."

पहिल्या सत्रात जवळपास सगळा वर्ग कागदोपत्री गैरहजर होता. कार्यालयातल्या बाई वर आल्या. म्हणाल्या, "सर, अशानं एकालाही परीक्षेला बसता येणार नाही." सर म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या, "नियमच आहे." सर म्हणाले, "नियम कुणी सांगितला?" बाई खाली गेल्या. शेवटी विभागात दोन हजेऱ्या झाल्या, एक कार्यालयाची आणि एक सरांची. कार्यालयाच्या हजेरीत मी नेहमी असायचे. सरांच्या हजेरीत मी बरेच दिवस नव्हते.

वर्गात 'व्हायरल' शब्द चालत नसे. 'मेसेज आला' हेही चालत नसे. "पाऊस येतो," सर म्हणायचे, "मेसेज कुणीतरी पाठवतं." एका टीव्ही वाहिनीनं अफवांवरच्या चर्चेत त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. निवेदिकेनं सुरुवातीलाच सांगितलं की सूत्रांकडून अशी माहिती मिळते आहे. सरांनी विचारलं, "सूत्रांचं नाव काय?" ती हसली आणि पुढचा प्रश्न विचारला. सर म्हणाले, "नाव सांगा, मग पुढं जाऊ." कार्यक्रम जाहिरातींकडं गेला. जाहिराती संपल्या तेव्हा सरांच्या खुर्चीवर दुसरे तज्ज्ञ होते.

संशोधनाची त्यांची रीत जगावेगळी होती. बाकीचे विद्वान लाखो मेसेज गोळा करून संगणकाला घालायचे. सर एक मेसेज घ्यायचे आणि वर्षभर पुरवायचे. तो ज्यानं पाठवला त्याच्याकडं सायकलवरून जायचं, त्याला कुणी पाठवला ते विचारायचं, मग त्याच्याकडं जायचं. असं मागं मागं, पहिल्या माणसापर्यंत. एका परिषदेत कुणीतरी म्हणालं, एका मेसेजवरून निष्कर्ष काढणं हास्यास्पद आहे. सर म्हणाले, "तुमच्या लाखांतला एक तरी तुमच्या ओळखीचा आहे का? माझा हा एक आहे."

आणि मग ते फोन. निर्मळच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बांबूची टोपली होती. आत जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर ओळीनं फोन. एकेक फोन एकेका ग्रुपसाठी. सर प्रत्येक ग्रुपवर रीतसर सांगून शिरले होते: मी प्राध्यापक आहे, संशोधन करतो, फक्त वाचीन, लिहिणार नाही. चालेल म्हणाले तिथंच राहिले. फोनांना ग्रुपांवरून नावं पडली होती. धर्मग्राम म्हणजे चर्चचा, जेटी म्हणजे अर्नाळ्याच्या कोळ्यांचा, शिवाय सोसायटी आणि भाजी. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आले की सर टोपली टेबलावर घेत, एकेक फोन पुसत, वाचत, वहीत टिपत. फोन मधूनच फडफडायचे.

सरांच्या बायको शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणायच्या, "आमच्याकडे पूर्वी कोंबड्या होत्या. त्या निदान अंडी द्यायच्या." पण काळजी त्याच घ्यायच्या. मी गेले की दारातच सांगायच्या, "आज धर्मग्राम फुगलाय. सोसायटी बरी आहे." फुगला म्हणजे बॅटरी.

लिहायचं नाही हा नियम सर इतका पाळत की एकदा जेटीच्या ग्रुपवर त्यांना श्रद्धांजली वाहिली गेली. कुणीतरी दुसरेच सर गेले होते. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली, 'अर्नाळ्याचा मित्र हरपला' असंही आलं. सरांनी सायकल काढली आणि पहिली श्रद्धांजली कुणी पाठवली ते शोधून काढलं. त्या माणसाला भेटले, त्याच्याकडं चहा प्यायले, नोंदी घेतल्या. आपण जिवंत आहोत हे मात्र ग्रुपवर कळवलं नाही.

मी म्हटलं, "सर, एवढं तरी लिहायचं."

"संशोधकानं हस्तक्षेप करू नये."

"स्वतःच्या मरणातपण?"

"तिथं तर मोह जास्त असतो," म्हणाले.

तेव्हा मी हसले होते. पुढं त्याच नियमापायी माझं शिक्षण सुटायची वेळ आली, तेव्हा हसू आलं नाही.

झालं असं. माझं एम.ए.चं दुसरं वर्ष. एक दिवस आई दुपारीच घरी आली, टोपली जशी नेली तशी घेऊन.

"कोनी हात लावला नाय. लांबूनच 'मावशी, आज नको'."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या मोबाइलकडं बोट केलं. "तुज्या त्या डब्यात काय आलंय ते बघ."

तो मेसेज माझ्याकडंही पोचला होता. "अर्नाळ्याच्या मासळीवर केमिकल मारतात. कोळणीनेच कबूल केले आहे. आज मासे घेऊ नका. पुढे पाठवा." खाली मेलेल्या माशांनी भरलेल्या किनाऱ्याचा व्हिडिओ. किनारा आमचा नव्हताच, त्याच्यामागं नारळाऐवजी डोंगर होते. पण डोंगराकडं कोण बघतंय? आणि 'आज' हा शब्द असा, की तो वाचाल त्या दिवशी आज.

त्या दिवसांत आम्ही फार चांगलं जेवलो. सरंगा, पापलेट, रावस. बाबा मुकाट जेवायचे आणि हात धुताना आईकडं बघायचे. एकदा जेवण झाल्यावर आई म्हणाली, "पोरी, असंच चाललं तर तुला कामाला लागावं लागंल. विरारला कपड्याच्या दुकानात बाया घेतात. शिकलेली हायस, तुला लगेच घेतील."

हे तिनं रागानं सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. ती भांडी आवरत सांगत होती.

मी निर्मळला गेले. सर टोपली घेऊनच बसले होते. तो मेसेज जेटी सोडून सगळ्या फोनांत होता. जेटीला कुणी पाठवला नव्हता, उगाच भांडण नको म्हणून.

मी म्हटलं, "सर, तुम्ही प्राध्यापक आहात. सगळ्या ग्रुपांवर एवढंच लिहा, हे खोटं आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगते! माझी आई रोज तिथून मासळी आणते!"

"तुम्ही खोटं आहे म्हणता, ते खरं आहे म्हणतात. दोघांकडं एकेक मेसेज आहे." त्यांनी फोन पुसून धोतरावर ठेवला. "तुमच्या प्रबंधाचा विषय काय घेतलाय?"

माझा विषय चांगला लांबलचक होता. त्यात तरुणाई होती, दृश्यभाषा होती, अवकाशही होता.

"तो सोडा. हा घ्या."

"आणि आमची मासळी?"

"सायकल येते ना?"

मला त्यांचा इतका राग आला होता की मी सायकल येते म्हणाले. मग त्यांच्या बायकोची सायकल घेऊन मी त्यांच्या मागं निघाले.

सरांची एक शिस्त होती. आधी विचारायचं, सांगायचं काही नाही. "खोटं आहे म्हणून सांगितलंत की माणूस आठवणं बंद करतो आणि भांडायला लागतो." मी दात आवळून बसायचे, सर विचारायचे.

व्हिडिओ जोडणारा तरुण सापडला एका जिममध्ये. वजनं ठेवून घाम पुसत म्हणाला, "सर, नुसतं लिहिलेलं कोण वाचतं? म्हणून मी टाकला. माझ्याकडं पडला होता."

"कुठला आहे?"

"मासे आहेत ना त्यात?"

त्याला मेसेज पाठवला होता त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी. हे गृहस्थ साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. 'पुढे पाठवा' त्यांनी घातलं होतं, कारण जन्मभर प्रत्येक कागदाखाली काही ना काही लिहायची सवय. आणि 'अर्नाळ्याच्या' हेही त्यांचंच. "नुसतं मासे घेऊ नका म्हणणं मोघम वाटलं. ठिकाण नको का?"

"अर्नाळाच का?" मी विचारलं. विचारायचं काम सरांचं होतं, पण राहवलं नाही.

"इथं मासे अर्नाळ्याचेच येतात की, पोरी. दुसऱ्या गावावर उगाच आळ कशाला घ्यायचा?"

त्यांना पाठवला होता निर्मळच्या एका फुलवाल्या ताईंनी. त्या सेक्रेटरींच्या पूजेला फुलं देत. केमिकल त्यांचं होतं. चाफ्याच्या कळ्या मोजत म्हणाल्या, "घेऊ नका म्हणतायत म्हणजे काहीतरी मारलेलंच असणार. नाहीतर आपलाच माल घेऊ नका असं कोण सांगतं?" हा प्रश्न मला तेव्हा बरोबर वाटला. तो लक्षात ठेवायला हवा होता.

प्रत्येकानं भल्यासाठीच एकेक काहीतरी घातलं होतं. आमटीत घालतात तसं.

फुलवाल्या ताईंना पाठवला होता विरारच्या एका शिक्षिकाबाईंनी. त्यांना मी लहानपणापासून ओळखत होते. आईचं बांधलेलं गिऱ्हाईक. मी शाळेत असताना त्यांच्या मुलीचे जुने गणवेश मला यायचे. दार उघडून म्हणाल्या, "अगं, तू? ये ये. आई बरी आहे ना? हल्ली बसत नाही का?"

सर म्हणाले, "बाई, हा मेसेज तुम्हाला कुणी पाठवला?"

त्यांनी चष्मा लावून वाचला. "इतकं सगळं मी नव्हतं बाई लिहिलं. मी आमच्या भिशीच्या ग्रुपवर एवढंच टाकलं होतं, 'आज मासे घेऊ नका, कोळीण मावशीनं स्वतः सांगितलंय'."

"कुठल्या मावशीनं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग सरांकडं. मग फोनवर एक आवाज लावला.

"बाय, आज माज्याकरं येऊ नको. आज मासली बरफातली हाय, तुज्या जोगती नाय. उद्या ताजी आनते. पोरीला विचारलं सांग."

आईचा आवाज. मागं बसचा हॉर्न.

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आमच्यातली ही जुनी रीत आहे. बोट आली नाही की बर्फातली मासळी आणावी लागते. ती खराब नसते, पण ताजी नसते. बांधलेल्या गिऱ्हाइकाला कोळीण ते आधीच सांगते, आज नको म्हणते. बाकीची रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विकते. तो विचारत नाही, ती सांगत नाही.

सरांनी विचारलं, "बाई, 'बर्फातली' हे तुम्ही का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं. मोठं झालं म्हणून काढलं."

परतताना आगाशी आली. मग मीच म्हटलं, "सर, साखळी बाईंपाशी थांबवते. पुढं लिहिते, अज्ञात विक्रेती."

सर सायकल चालवत राहिले. "अज्ञात म्हणजे गैरहजर."

"सर, ती माझी आई आहे! बाजारातल्या बायका तिला जगू देणार नाहीत. सगळ्यांचा धंदा बसलाय."

"म्हणूनच त्यांच्यासमोर वाचून दाखवायचं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी आधी ऐकायचं, मग विद्यापीठानं. हे तुम्हाला पहिल्या तासाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. बोंबलाच्या तासालाच.

प्रबंध दिला नाही तर पदवी नाही. दिला तर आई बाजारातून उठणार, आणि आई उठली तर मी कपड्याच्या दुकानात. मी बरेच दिवस ते प्रकरण उघडलंच नाही. मासळी तशीच परत येत होती. शेवटी एक दिवस आईच म्हणाली, "तुजा मास्तर जेटीवर आलता. इचारत होता, बाजारच्या बाया दुपारी कवा मोकळ्या असतात. कशाला?"

सरांनी ठरवलेल्या दुपारी विरारच्या बाजारात बायका शेडखाली बसल्या होत्या, आणि मी कागद घेऊन आले होते. टोपल्या भरलेल्या, माश्या घोंगावत होत्या. सर सायकलवरून आले. कॅरिअरला बांबूची टोपली बांधलेली होती, वरून जुनं धोतर.

"सर, काय इकायला आनलं?" एकीनं विचारलं. मग धोतर उचलून पाहिलं. "अगो, मोबाइल! सगले तुमचे? येवड्या बायका केल्या का काय?"

शेड हसली. सर नाही हसले. एका उपड्या टबावर बसले आणि मला म्हणाले, "वाचा."

मी वाचायला लागले. पहिलं पान झालं तशी आई म्हणाली, "पोरी, असं नको, आपल्या बोलीत सांग." मग मी कागद खाली ठेवून सांगितलं. जिमवाल्याला बायकांनी शिव्या घातल्या, सेक्रेटरींना जास्त. केमिकलवर फुलवालीच्या सात पिढ्या निघाल्या. शिक्षिकाबाईंपर्यंत आले आणि मी थांबले.

"पुढं?" आईच्या शेजारची म्हातारी म्हणाली. तिचं आणि आईचं जागेवरून माझ्या जन्माआधीपासूनचं वैर. "त्या बाईला कोनी सांगितलं?"

मी सरांकडं पाहिलं. सर सायकलच्या चाकाकडं पाहत होते.

मी म्हटलं, "आई, तू."

आईनं पदर कमरेला खोचला.

"मीच. मग? बरफातली ताजी म्हनून देऊ तिला? तिच्या पोरीचे कपडे घालून ही माजी पोर शालंत गेली. तिला फसवू?"

म्हातारी सावकाश म्हणाली, "आनि त्या दिसाची बाकीची कोनाला इकलीस गो?"

"तू इकतेस त्यालाच! रस्त्यावरच्याला! काल काय इकलंस, सांग ना मास्तरसमोर!"

म्हातारीनं आपल्या टोपलीवर फडकं ओढलं. मग दुसरी कुणी हसली, मग तिसरी, आणि मग म्हातारीही बिनदातांची हसायला लागली. त्या शेडखाली एकही बाई अशी नव्हती जिनं तो निरोप आपल्या गिऱ्हाइकाला कधी ना कधी दिला नव्हता. आईचा फक्त लांब गेला होता.

"पन मास्तर," म्हातारी म्हणाली, "आता करायचं काय? तुमी येवडं शोधून काडलं. आता मासली खपंल का?"

सर म्हणाले, "संशोधकानं हस्तक्षेप..." आणि थांबले. त्यांना मी वाक्य अर्धं सोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. समोर आईची टोपली होती, त्यात पापलेटं. त्या रात्री ती आमच्याच ताटात येणार होती, हे त्यांना मी कधी सांगितलं होतं की काय, आठवत नाही.

सर उठले. आईची पापलेटं कुठल्या बोटीची ते त्यांनी विचारून घेतलं. टोपलीतला एकेक फोन बाहेर काढला आणि प्रत्येकात तेच बोलले. आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. निर्मळला कुठल्या वाडीत राहतो ते सांगितलं. म्हणाले, "आज दुपारी विरारच्या बाजारात, अर्नाळ्याच्या कोळणींसमोर मी स्वतः उभा आहे. मासळी ताजी आहे, कुठल्या बोटीची ते विचारून मी घेतो आहे, रात्री खाणार आहे. केमिकलचा मेसेज कसा तयार झाला ते ज्याला ऐकायचं असेल त्यानं माझ्या घरी यावं. मी पाठवणारा." धर्मग्राम, सोसायटी, भाजी. शेवटी जेटी. जेटीला गरज नव्हती, पण तो टोपलीत होता म्हणून त्यालाही.

पहिला रिप्लाय जेटीवरूनच आला. "सर, तुम्ही जिवंत आहात?"

सरांनी तो वाचला, वहीत टिपला आणि उत्तर दिलं, "हो." मग आईकडून पापलेट घेतलं, भाव केला नाही, आणि ते फोनांच्या शेजारी धोतरात गुंडाळून सायकलवर बसले. नंतर कितीतरी दिवस धर्मग्रामला पापलेटाचा वास येत होता असं सरांच्या बायको सांगत.

लगेच काही सगळं सुरळीत झालं नाही. सेक्रेटरींनी दुरुस्तीचा मेसेज टाकायला नकार दिला, त्यासाठी बैठक घ्यावी लागेल म्हणाले. जिमवाल्यानं टाकला, पण व्हिडिओ पुन्हा जोडून. काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. पण दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाई आल्या, सोबत भिशीतल्या दोघी. आणि बायकांनी एक केलं, ते त्यांचं त्यांनीच ठरवलं. सकाळी बोट लागली की जी ती आपल्या गिऱ्हाइकांना आवाज पाठवायला लागली: मी अमकी, अमक्या बोटीची मासळी, ताजी आहे किंवा बर्फातली आहे. आधी नाव, मग मासळी. पहिल्या आठवड्यात त्यात निम्मी एकमेकींची भांडणं होती. गिऱ्हाइकं तीही आवडीनं ऐकायची. आमच्या घरी पुन्हा चहा-पाव सुरू झाला.

कपड्याच्या दुकानाचं आईनं परत काढलं नाही. मी प्रबंध दिला. त्यात साखळीच्या टोकाला आई आहे. नाव घालू का म्हणून मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "घाल. मी काय चोरी केली?"

सर आता निवृत्त आहेत. टोपलीतले फोन एकेक करून गेले. धर्मग्राम आणि जेटी तेवढे तग धरून आहेत. जेटीवर ते आता रोज एकदा 'हजर' लिहितात, पुन्हा गैरसमज नको म्हणून. हस्तक्षेपाबद्दल त्यांनी पुढच्या परिषदेत स्वतःच स्वतःवर टीका करणारा निबंध वाचला. रबर होतंच.

मला नेमणुकीचं पत्र मिळालं त्या सकाळी पहिला फोन आईला केला, दुसरा सरांना.

"सर, मला नोकरी लागली."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगते आहे, सर. पत्र माझ्या हातात आहे."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"हजर," सर म्हणाले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. आता मी विद्यापीठात नवमाध्यमं आणि पत्रकारिता शिकवते. नोकरी कायम आहे.